दुकानात दिवसभर लावायला कोल्हापुरात कुठलं रेडिओ स्टेशन चांगलं?

फॉलपिको_राजारामपुरी
माझं राजारामपुरीत ब्लाऊज आणि फॉलपिकोचं दुकान आहे. दिवसभर मशीन चालू असतं, सोबतीला गाणी लागतातच. मोबाईलवर एक गाणं लावलं की पुढची सगळी त्याच वळणाची येतात, कंटाळा येतो. मला भावगीत, मग लावणी, मग किशोरकुमार, मधेच एखादं नवं मराठी असं कानावर पडायला हवं. पुढचं कुठलं लागणार हे माहीत नसलं की हात पण भराभर चालतात. सकाळी सासूबाई दुकानात असतात, त्यांना अभंग हवेत. काय लावू सांगा की. आणि जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये खरखर फार आहे.

उद्यमनगर_टर्नर
ताई, सकाळी दुसरीकडे बघूच नका. आकाशवाणी कोल्हापूर, १०२.७. सासूबाईंची भक्तिगीतं तिथंच मिळतील. मला हे स्टेशन आवडतं ते निवेदकांमुळं. गायकाबरोबर गीतकार-संगीतकाराचं नावही सांगतात. सुधीर फडके कोल्हापुरात जन्मलेले, जगदीश खेबुडकर आपल्या हळदी गावचे. ही नावं लेथवर उभं राहून ऐकताना ऊर भरून येतो बघा.

शाहूपुरी९४
दुपारी टोमॅटो एफएम, ९४.३. आपल्या गावचं स्टेशन, बोलणं ओळखीचं वाटतं. नवी हिंदी हवी असतील तर मिर्ची ९८.३ किंवा रेडिओ सिटी. पण खाजगी स्टेशनवर चालणारी गाणी फिरून फिरून लागतात, म्हणून दिवसभर एकच ठेवू नका. आकाशवाणी आणि टोमॅटो आलटून पालटून लावा, तुम्हाला हवी तशी सरमिसळ आपोआप होईल.

वायरमन_कसबाबावडा
खरखरीचं मी सांगतो. शिलाई मशीनला मोटर बसवलीय का? त्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, तिथं ठिणग्या उडतात आणि त्यांचा आवाज रेडिओत शिरतो. पायडल दाबल्यावरच खरखर वाढत असेल तर कारण तेच. ब्रश झिजलेत का बघून घ्या. रेडिओ मशीनपासून लांब, खिडकीशी ठेवा आणि लाइटऐवजी सेलवर चालवून बघा. स्वस्तातला एलईडी बल्ब आणि मोबाईलचा चार्जर पण त्रास देतात. एफएमसाठी दांडी पूर्ण ओढायची. ती तुटली असेल तर साधारण ७५ सेंटिमीटर वायर जोडून उभी टांगा, तेवढी लांबी एफएमला बरोबर बसते. मोबाईलवर एफएम ऐकायचं तर बहुतेक फोनमध्ये वायरवाला इअरफोन लावावा लागतो, त्याची वायर हीच अँटेना.

फॉलपिको_राजारामपुरी
दादा, अगदी बरोबर! पायडल दाबलं की खरखर, पाय काढला की आवाज स्वच्छ. मी रेडिओलाच बोल लावत होते. ब्रश बदलून घेते. लग्नसराईत रात्री दहा-साडेदहापर्यंत काम चालतं, तेव्हा काय ऐकू?

रंकाळा_फेरी
रात्री विविध भारती, काकू. १९५७ पासून चालू आहे, संध्याकाळी फौजी भावांसाठी ‘जयमाला’, रात्री ‘छायागीत’. छायागीतात निवेदक एक विषय धरून गाणी गुंफतात, कधीच न ऐकलेलं जुनं गाणं हमखास मिळतं. आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर ॲपवर लागतं. सांगली आकाशवाणी पण त्यातच आहे, मराठी गाण्यांसाठी तीही लावून बघा.