बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजवर मराठीत अंक काढायचाय. त्यात काय छापावं?

मीनल_नेरुळ

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्ट आहे, नेरुळला राहते आणि आर्किटेक्चर शिकवते. वास्तुकलेची मासिकं वाचतच मी या धंद्यात आले, म्हणून हा धागा.

मुलं आता इमारती फोनवर बघतात. फोटो देखणे असतात, पण भिंत किती जाड, मोरी कुठे, जिना कुणीकडून चढतो, यातलं काही त्यांतून कळत नाही. प्लॅन दिला असलाच तर मोठा करायला गेलं की रेषा फुटतात. छापील मासिकांबद्दलही मला बोलायचंय. इमारतीचे फोटो निघतात ते ताबा देण्याआधी. दारात चपला नाहीत, खिडकीला पडदा नाही, दोरीवर कपडे नाहीत. ते एकदा छापून आले की त्या इमारतीकडे पुन्हा कोणी फिरकत नाही.

आर्टिस्ट व्हिलेजचं तेच झालं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, १९८३ ते १९८६ या काळात केलेली बेलापूरची ही वसाहत जगभरच्या पुस्तकांत आहे. प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. सात घरांमध्ये मिळून एक अंगण, अशा तीन अंगणांची २१ घरं एका मोठ्या मोकळ्या जागेभोवती. दोन शेजाऱ्यांत सामाईक भिंत ठेवलीच नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं. पुस्तकांत मात्र बहुतेक तेच सुरुवातीचे फोटो, उतरती कौलं आणि नव्या भिंती.

आज सेक्टर ८ मध्ये चालत जा. बरीच घरं पाडून तिथे आरसीसीचे दोन-तीन मजले उभे आहेत, मध्येच एखादं मूळ कौलारू घर दिसतं. माझे काही सहकारी म्हणतात, योजना फसली. मला ते पटत नाही. घर वाढावं हाच तिथला मूळ विचार होता. मग ते कसं वाढलं? आधी वरची खोली आली की संडास आत आला? पैसे कुठून उभे केले? कौलं काढून स्लॅब टाकली ती गळतीला कंटाळून, की मुलाचं लग्न ठरलं म्हणून? अंगणात अजून कोण बसतं? हे कोणीतरी नीट मोजून, काढून, लिहून ठेवायला हवं. मराठीत, आणि तिथे राहणाऱ्या माणसाला वाचता येईल अशा मराठीत.

विचारायचंय ते असं: कोरियांची मूळ ड्रॉइंग छापता येतील का? त्रैमासिक सुरू करावं की एकच पुस्तक काढावं? आणि अंकात आणखी काय असायला हवं?

अमोनिया_प्रिंट

मीनलताई, मी ठाण्याचा, नौपाड्यात राहतो. आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. तुमचं वाचून फार बरं वाटलं, कारण आमच्या पिढीने जी कामं शिकली ती निम्मी मासिकांतल्या सेक्शनवरूनच, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आत दिसेल तशा ड्रॉइंगवरून. वर ट्रेसिंग पेपर ठेवून जिना गिरवायचा, दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर तसाच काढून दाखवायचा.

पहिली गोष्ट सांगतो ती स्केलची. प्लॅनखाली नुसतं '१:१००' लिहू नका. छापताना पान लहान झालं की तो आकडा खोटा पडतो. शेजारी मीटरची पट्टी काढा, म्हणजे चित्र कितीही लहानमोठं झालं तरी पट्टी बरोबर लहानमोठी होते. उत्तर दिशा सगळीकडे वरच ठेवा. लाइनवेट, म्हणजे रेषांची जाडी, सांभाळा: कापलेली भिंत जाड, फर्निचर बारीक, अंगणातली फरशी त्याहून बारीक. आजकाल एकाच जाडीच्या रेषांचे प्लॅन छापलेले दिसतात, त्यात घर कुठलं आणि रस्ता कुठला हे शोधावं लागतं.

दुसरं. आपण ज्या शहराबद्दल बोलतोय त्या नवी मुंबईचा प्रस्तावच मुळात एका मासिकाने छापला होता. मुल्कराज आनंदांनी १९४६ साली मुंबईत 'मार्ग' सुरू केलं. त्याच्या जून १९६५ च्या अंकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. सिडकोची स्थापना झाली १७ मार्च १९७० ला. मासिकाच्या पानांनी सरकारला विचार करायला लावल्याचं इतकं जवळचं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. तुमच्या अंकाची सुरुवात तिथून करा.

आणि एक प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात द्याच. १८९३ पासूनची संस्था आहे, तिथे वाचणारा येतो.

कलम_बावन्न

कायद्याच्या बाजूने बोलतो. मूळ ड्रॉइंगवरचा कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं असतो. कोरिया २०१५ मध्ये गेले. म्हणजे ती ड्रॉइंग तशीच उचलून छापता येणार नाहीत, लेखी परवानगी घ्या. मात्र कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एस) नुसार उभ्या वास्तूचं स्वतः चित्र, ड्रॉइंग किंवा फोटो काढून छापलं तर तो हक्कभंग ठरत नाही. टेप घेऊन मोजा आणि तुमचे प्लॅन तुम्हीच काढा. तसंही तुम्हाला आजचंच घर दाखवायचंय. घराच्या आत जाताना मात्र घरमालकाची परवानगी हवी, आणि कोणाचं घर कुठलं हे नावानिशी छापू नका. वाढीव बांधकामाचा विषय आहे, उद्या त्या कुटुंबाला त्रास व्हायला नको.

पुस्तक की त्रैमासिक, तर पुस्तक काढा. नियतकालिकाला २०२३ च्या नव्या कायद्याखालची नोंदणी आहे, शिवाय दर तीन महिन्यांनी मजकूर उभा करायचा. पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो. छापल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात. त्यांतलं एक मुंबईत टाउन हॉलमध्येच आहे. हे ओझं समजू नका. मासिकं बंद पडतात, संकेतस्थळं नाहीशी होतात, तिथली प्रत राहते.

फोटो ताबा देण्याआधीचेच का असतात, त्यालाही एक कारण आहे. आर्किटेक्टच्या व्यावसायिक आचाराच्या १९८९ च्या नियमांत स्वतःची जाहिरात करायला मनाई आहे, केलेल्या कामाचे फोटो आणि वर्णन प्रसिद्ध करायला मात्र मुभा आहे. मग काम दाखवायची जागा उरली ती मासिकाची. मजकूर आणि फोटो ऑफिसातूनच तयार होऊन जातात. तिथे परीक्षण कोण लिहिणार?

शहाबाजकर

ताई, मी बेलापुरातच वाढलो, शहाबाज गावात. आर्टिस्ट व्हिलेज आमच्यापासून लांब नाही. तुम्ही जे लिहिलंय ते मनापासून पटलं, आणि म्हणूनच एक मागणी करतो.

नवी मुंबईसाठी ३४४ चौरस किलोमीटर जमीन ठरली, त्यात ९५ गावं होती. वर काकांनी ज्या अंकाबद्दल लिहिलं तो निघाला तेव्हा आमचे आजोबा मिठागरात आणि भातशेतीत राबत होते. १९८४ च्या जानेवारीत जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. या शहरावरच्या देखण्या पुस्तकांत हे मला सापडलं तर एखाद्या ओळीत सापडतं.

आमचीही घरं वाढली. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी असं घर होतं. भाऊ वेगळे झाले, पोरांची लग्नं झाली, वर मजले चढले. त्यांना सगळे 'गरजेपोटीची घरं' म्हणतात आणि ती नियमित व्हावीत म्हणून आम्ही वर्षानुवर्षं भांडतोय. सेक्टर ८ मधलं घर वाढलं की त्याचा अभ्यास होतो आणि गावठाणातलं वाढलं की नोटीस येते. दोन्ही घरं एकाच स्केलवर, समोरासमोरच्या पानांवर छापा. आमच्या घरापासून सुरुवात करा, आईला मी सांगून ठेवतो.

मीनल_नेरुळ

सगळ्यांचे आभार. पुस्तकच काढते, आणि ड्रॉइंग आमची आम्ही मोजून काढू.

शहाबाजकर, समोरासमोरची पानं नक्की. तुमच्या घराचा प्लॅन एकच नको, आजोबांच्या वेळचा, वडिलांच्या वेळचा आणि आजचा असे तीन काढू. जुने दोन कागदावर कुठेच नसणार, ते आईंकडून विचारून, जमिनीवर खडूने आखून घ्यावे लागतील. वयस्कर नातेवाइकांनाही बोलवा, ओटी कुठपर्यंत होती यावर दोघांचं एकमत होईपर्यंत रेषा पक्की करायची नाही.

काका, लाइनवेट तपासायला तुम्ही हवेत. मुलांचे पहिले प्लॅन तयार झाले की प्रिंट घेऊन नौपाड्यात येते.

अमोनिया_प्रिंट

या. ए२ वर आणा, ए४ वर मला तपासता येत नाही. आणि सेक्शन आणल्याशिवाय येऊ नका, मजला कसा चढला ते प्लॅनमध्ये दिसणार नाही.