माळरान म्हणजे उजाड जमीन का? तिथं झाडं लावायची का?

मुरमाड_वाट:
नमस्कार मंडळी. आमचं गाव बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला. गावाला लागून मोठं गायरान आहे, वर नुसतं गवत आणि मधेमधे हिवर, बोर, तरटी. यंदा पावसाळ्यात तिथं जेसीबीनं खड्डे घेऊन सगळीकडं गिरिपुष्प आणि निलगिरी लावायचं चाललंय, रोपं फुकट मिळतायत. मुलीच्या भूगोलात सव्हाना म्हणजे आफ्रिका, जिराफ, सिंह एवढंच दिलंय पण वाचताना मला वाटलं की हे तर आपल्या माळाचंच वर्णन आहे. इथं आधी जंगल होतं आणि ते तोडून असं झालं, का माळ पहिल्यापासूनच असा आहे? ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे, म्हणून जरा घाई आहे.

कुसळी:
माळावर लावू नका, प्लीज. सव्हाना सिंह-जिराफावरून ठरत नाही. वर्षभर ऊन, तीन-चार महिने पाऊस, बाकी सगळं कोरडं, खाली सलग गवत आणि वर विरळ काटेरी झाडं, असं जिथं असतं तो सव्हाना, आणि जगातल्या जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा असाच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होतात, महाबळेश्वरला ५ हजार मिमीच्या वर पाऊस आणि तुमच्याकडं ५०० च्या आसपास, त्यात खाली बेसॉल्टचा कातळ नि वर वीतभर मुरूम. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या आग्नेयेकडच्या गवताळ मैदानावरही साधारण एवढाच पाऊस पडतो.

आणि आपली ही गवतं बहुतेक सी-फोर प्रकारची, म्हणजे कडक उन्हात कमी पाण्यावर अन्न तयार करणारी, पण सावली त्यांना सोसत नाही. दाट झाडं आली की गवत गेलं, गवत गेलं की चिंकारा, खोकड, धाविक-चंडोलासारखे पक्षी सगळेच गेले. तुमच्या शेजारी मयूरेश्वर अभयारण्य आहे ना, ते चिंकाऱ्यांसाठीच केलंय.

दिवाळीनंतर कुसळी गवताचं एक बी तळहातावर घेऊन बघा. टोक सुईसारखं, त्यावर मागं वळलेले बारीक केस, आणि मागं पीळ बसलेलं लांब कुसळ. पाण्याचा थेंब टाकला की पीळ सुटायला लागतो, बी गोल फिरतं, वाळलं की परत पीळ बसतो, असं फिरत फिरत ते स्वतःच मातीत घुसतं. हेच गवत आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही आहे.

माणदेशी_मेंढरं:
आमचं घर मेंढपाळाचं, माण तालुक्यातलं. पावसाळ्यात मेंढरं माळावरच असत्यात, पवन्या नि मारवेल असलं की जनावर नुसतं गवतावर उभं राहतं. गिरिपुष्पाला मेंढरं तोंड लावत न्हाईत आणि प्लॉट झाला की चर मारून तारा घालत्यात, मग आम्ही जायचं कुठं? माळावर लांडगा पण आहे, वरसाला दोनचार कोकरं नेतो, तरी तो तिथलाच, त्यानं जावं असं आमाला वाटत न्हाई.

सावली_हवी:
पण जमिनीची धूप आणि कार्बनचं काय? गवताच्या भरवशावर पाणी मुरणार आहे का? आमच्या भागात एप्रिलात उभं राहायला सावली नाही, म्हणून लोक झाडं मागतात, त्यात लोकांचं काय चुकलं.

कुसळी:
लोकांचं काहीच चुकत नाही, सावली हवीच. पण ती गावठाणात, शाळेभोवती, रस्त्याकडंनं, बांधावर, ओढ्याकाठी लावा, तिथं करंज, कडुनिंब, चिंच छान येतात. गवताचा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वरून दिसत नाही एवढंच. धूप म्हणाल तर माती धरून ठेवणारी गवताची मुळंच असतात आणि जेसीबीनं पहिल्यांदा तीच उपटली जातात.

जुना_पत्रा:
मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं, जंगल होतं का. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा अभ्यास आलाय, त्यांनी १३ व्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, लोककथा, चरित्रं चाळून त्यातले रानटी वनस्पतींचे उल्लेख काढले. ४४ जाती सापडल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त सव्हानाच्याच, बाभूळ, पळस, तरटी अशा. म्हणजे निदान साडेसातशे वर्षं तरी हा भाग असाच उघडा आहे. सरकारी नकाशात मात्र असे कितीतरी माळ अजून पडीक म्हणून रंगवलेले असतात आणि लोकही तेच धरून चालतात, खरा घोळ तिथं आहे.

मुरमाड_वाट:
सगळ्यांचे आभार. ग्रामसभेत सांगणार आहे की रोपं घ्या, पण निलगिरीच्या जागी करंज-चिंच मागा आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना लावा. माणदेशी दादा, मेंढपाळांचा मुद्दा तुमच्या शब्दांत मांडला तर चालेल ना?

माणदेशी_मेंढरं:
चालतंय की. आणि तुमच्याकडं चारायला येणाऱ्या वाड्यावाल्या मेंढपाळांना पण सभेला बोलवा.