दसरा चौकातल्या बोर्डिंगांच्या जातीच्या पाट्या आता काढायच्या का?

रंकाळावेस :
२६ जूनला शाहू महाराजांच्या जयंतीला कोल्हापूरचा दसरा चौक नुसता फुलून जातो, जायलाच पायजे. पण पुतळ्यापाशी उभं राहून आजूबाजूला बघा, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, ज्याची त्याची पाटी वेगळी. महाराजांनी जागा दिल्या, पैसा दिला म्हणून खेड्यातली पोरं कोल्हापुरात राहून शिकली, हे उपकार फिटणार नाहीत. तरी माझं स्पष्ट मत आहे, आता सगळी होस्टेलं सगळ्यांना खुली करा.

कसबा बावडा :
भावा, आधी इतिहास बघ. १८९६ ला महाराजांनी राजाराम कॉलेजच्या पोरांसाठी सगळ्या जातींचं एकच वसतिगृह काढलं होतं, आणि हळूहळू तिथं ब्राह्मण पोरंच उरली. बहुजनांची पोरं टिकतच नव्हती. मग १९०१ ला मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या पोरांसाठी मिस क्लार्क होस्टेल. आपल्या समाजाची माणसं चालवतायत म्हटल्यावर आई-बाप पोरगं पाठवायला तयार झाले, आणि समाजानं पण खिशातनं घातलं. १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या तरी शिकलेली पोरं नसती तर त्या भरल्या कुणी असत्या?

रंकाळावेस :
मान्य, पण पुढचं पण सांग की. १९१९ ला त्याच महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एकाच शाळेत बसवली. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्याले, सोबतच्या माणसांना पण पाजला, त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. त्यांचं तोंड कुठल्या दिशेला होतं हे यातनं कळतंय. बोर्डिंग ही त्या वेळची गरज होती.

भुदरगडच्या बाई :
मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. तुम्ही दोघं पाटीवर भांडताय आणि मला दिसतंय ते वेगळंच. आमच्या भागातली मुलगी बारावीनंतर कोल्हापूरला येते तेव्हा खोलीभाडं आणि मेसचा खर्च बघून घरचे म्हणतात, बास झालं शिक्षण. महाराज देणगीदारांच्या भरवशावर बसले नव्हते. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला, म्हणजे तिजोरी पण उघडली आणि कायदा पण केला. आज मुलींच्या होस्टेलसाठी सरकारनं पैसा टाकायला पायजे, जयंतीला तेवढं एक मागा.

कसबा बावडा :
बाई, तुमचं शंभर टक्के पटलं. पण सरकारी होस्टेल होईस्तोवर चालू असलेल्यांना हात लावू नका. देणारा माणूस समाजाच्या नावानं देतोय, उद्या पाटी काढली आणि देणगी आटली तर उपाशी पोरगंच राहणार.

रंकाळावेस :
देणगी आटंल या भीतीनं बदलायचंच नाही, हे मला पटत नाही. निदान दहातल्या दोन जागा दुसऱ्या समाजाच्या गरीब पोरांना द्या, पाटी राहू दे, आणि त्यातली एक जागा बाई म्हणतायत तशी मुलीसाठी वेगळी सोय करून द्या. एवढं तरी यंदाच्या जयंतीआधी ट्रस्टींना भेटून मागूया, कोण येतंय सांगा.