मूळ संख्या, १ ची मुळे आणि हातचा

फावलावेळ
मर्सेन संख्या (२ च्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या, २^प − १ अशा) तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रचंड संख्यांचा गुणाकार कसा होतो ते शिकतोय, टिपणं मराठीत काढतोय. पहिल्याच पानावर गाडी अडली. प्राइम नंबरला पाठ्यपुस्तकात 'मूळ संख्या' म्हणतात. पण या गुणाकारात जागोजागी '१ ची न-वी मुळे' (ज्यांचा न-वा घात १ येतो अशा संख्या) लागतात, त्यामुळे 'मूळ संख्येच्या चाचणीत मुळांचा वापर' असली वाक्यं होतात. शिवाय ट्रान्सफॉर्म, कॉन्व्होल्यूशन, कॅरी यांना काय म्हणायचं?

तिरपागडा
'अविभाज्य संख्या' म्हणा, प्रश्न मिटला. 'मूळ' हे वर्गमूळ-घनमूळाच्या घराण्यासाठी राहू द्या. ट्रान्सफॉर्मला 'रूपांतर', उलट येण्याला 'व्यस्त रूपांतर'. कॅरीला नवा शब्द कशाला? दुसरीतल्या पोरालाही 'हातचा' कळतो.

आकडेमोड
हातचा कळतो, पण इथे तो *कधी* घ्यायचा यातच सगळी गंमत आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

२३ × १४ घ्या. एकक × एकक १२, तिरके गुणाकार मिळून ३ + ८ = ११, दशक × दशक २. हातचे न घेता उत्तर १२, ११, २ असं तीन खणांत पडून आहे. या रांगेला म्हणतात कॉन्व्होल्यूशन. हिंदीत 'संवलन' चालतं. हातचे शेवटी फिरवले की ३२२.

शाळेच्या रीतीने हे अंकगुणाकार अंकांच्या संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढतात. २०२४ मध्ये सापडलेली अविभाज्य संख्या, २^१३६२७९८४१ − १, ही ४,१०,२४,३२० अंकी आहे. तेवढ्या संख्येचा एक वर्ग म्हणजे सुमारे १७ वर १४ शून्यं इतके अंकगुणाकार. आणि ल्यूका-लेमर चाचणी सांगते: ४ पासून निघा, वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी घ्या, हे घातांकापेक्षा दोन कमी वेळा. शेवटी शून्य उरलं तर संख्या अविभाज्य. म्हणजे असे तेरा कोटींवर वर्ग! म्हणून अंकांच्या रांगेचं १ च्या मुळांवर जलद फूरिये रूपांतर करतात (रांगेला बहुपदी मानून प्रत्येक मुळापाशी तिची किंमत काढतात), समोरासमोरच्या किमती गुणतात, व्यस्त रूपांतराने परत येतात. मग न खणांसाठी काम न × लॉग न च्या घरात येतं.

तिरपागडा
आणि बाकी? भागाकार महाग नाही पडत?

आकडेमोड
भागाकार करावाच लागत नाही. ९९ ने बाकी हवी असेल तर १०० म्हणजे १. वरच्या रांगेतला तिसरा खण २ सरळ पहिल्यात टाका: १४, ११. हातचा १ पुढे, १२ झाले. त्यातलाही हातचा १ फिरून एककात. उत्तर २५, आणि ३२२ ला ९९ ने भागून बाकी २५ च. २^प − १ ने बाकी घेतानाही तेच. एरवी लांब उत्तराला जागा म्हणून अर्धी रांग शून्यांनी भरावी लागते, ती गरज संपते.

फावलावेळ
मग कॉन्व्होल्यूशनला 'गुंडाळी' म्हणू? रांग फिरून स्वतःवरच येते.

आकडेमोड
शब्द झकास आहे, पण तो फक्त या फिरत्या प्रकाराला शोभतो. साधं संवलन गुंडाळत नाही. 'संवलन' आणि 'चक्रीय संवलन' ठेवा; गुंडाळी कंसात.

बेरीजवजाबाकी
मुख्य अडचण राहिलीच की! घातांकाइतके बिट (० किंवा १ हे अंक) खणांत वाटायचे, पण घातांक स्वतः अविभाज्य असतो, मग त्याचे सारखे तुकडे पडणार कसे? क्रॅन्डॉल आणि फॅगिन यांनी १९९४ मध्ये तोडगा दिला: काही खण १७ बिटांचे, काही १८ चे असे चालू द्या आणि रूपांतराआधी प्रत्येक खणाला २ च्या अपूर्णांकी घाताचा भार लावा. परतल्यावर भार काढा. म्हणून 'भारित रूपांतर'.
परत आलेले आकडे दशांशी असतात हेही टिपा. ११.०००३ आलं तर बेधडक ११ धरा. ११.४७ आलं तर खण फार मोठे घेतलेत, ती फेरी भरवशाची नाही. याला 'पूर्णांकनातली चूक' पुरे.

फावलावेळ
या तुकड्यांना 'अंक' लिहू का?

बेरीजवजाबाकी
नको, वाचणारा ० ते ९ धरून बसेल. कॉम्प्युटरवाले 'वर्ड' म्हणतात, त्याचा 'शब्द' केलात तर शब्दचर्चेत आणखी घोळ. वर आपसूक 'खण' लिहिलं गेलंय, तेच ठेवा.