कडाक्याच्या थंडीत डिझेल गाडी सुरू होते आणि थोड्याच वेळात बंद पडते

नमस्कार मंडळी,

यादीवर गाड्यांतले जाणकार आहेत म्हणून विचारतो. काल रात्री पारा उणे २७ पर्यंत उतरला. सकाळी गाडी एका सेल्फला सुरू झाली, गल्लीतून व्यवस्थित बाहेर पडली. हमरस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला तशी ओढेना झाली, आचके देऊ लागली आणि बंद पडली. आता सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. बॅटरी नवीच आहे. टाकी पाऊण भरलेली आहे, पण ते डिझेल इकडे यायच्या आधी, बऱ्याच उबदार भागात भरलेलं आहे. शेजारी म्हणतात, टाकीत थोडं पेट्रोल ओत, लगेच चालू होईल. ओतू का? घरात लहान मूल आहे, गाडीवाचून फार अडतं. कृपया लवकर कळवा.

———

दादा, पेट्रोल अजिबात ओतू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी ट्रकच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. हिवाळ्यात टो होऊन येणाऱ्या गाड्यांची कहाणी बहुतेक वेळा हीच असते.

> सकाळी गाडी एका सेल्फला सुरू झाली

यातच निदान आहे. सेल्फ जड फिरत असता तर बॅटरी किंवा घट्ट झालेलं इंजिन ऑइल म्हटलं असतं. सेल्फ छान फिरून पहिल्यापासूनच पकडलं नसतं तर ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे) तपासा म्हटलं असतं. तुमची गाडी सुरू झाली, आयडलवर चालली आणि जोर लावल्यावर मेली. म्हणजे डिझेल फिल्टरमधून पुरेसं पुढे जात नाहीये. आयडलला इंजिनाला डिझेल थोडंच लागतं, तेवढं झिरपत राहतं. वेग घेतला की मागणी वाढते, टाकीतलं गार डिझेल मेणासकट फिल्टरवर येऊन आदळतं आणि कागद बुजतो.

डिझेलमध्ये पॅराफिन, म्हणजे मेण, मुळातच विरघळलेलं असतं. त्यामुळेच ते चांगलं पेट घेतं, म्हणून सगळं काढून टाकता येत नाही. थंडीत खोबरेल तेलाची बाटली आधी ढगाळ होते आणि मग थिजते, तसंच इथेही होतं. असा फिल्टर कापून उघडला की कागदाच्या घड्यांमध्ये पिवळट पांढरा, बोटाला चिकटणारा लेप दिसतो. बोट थोडा वेळ तसंच धरलं की उबेने तो लेप विरघळून परत डिझेल होतो. म्हणजे डिझेल खराब झालेलं नाही, त्याला फक्त ऊब हवी आहे.

आता काय करायचं ते सांगतो. सेल्फ मारणं आधी थांबवा. डिझेल येत नसताना सेल्फ मारत राहिलात तर बॅटरी जाईल आणि हाय प्रेशर पंप कोरडा फिरेल, तो खर्च फार मोठा आहे. गाडी ढकलून किंवा टो करून गरम केलेल्या गॅरेजमध्ये न्या आणि मुक्काम करू द्या. टाकीतलं एवढं डिझेल तास दोन तासांत गरम होत नाही, रात्र जाऊ शकते. तोवर नवा फिल्टर आणून ठेवा, तोही उबेतच. गाडी पूर्ण गरम झाल्यावर फिल्टर बदला, वॉटर सेपरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढा, प्रायमिंग पंपाने हवा काढा आणि मगच सेल्फ मारा. सुरू झाली की दार उघडून गाडी लगेच बाहेर काढा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

टाकीखाली शेगडी, मशाल, ब्लो टॉर्च असलं काही कुणी सुचवलं तर ऐकू नका. इंजिन पटकन पकडावं म्हणून मारतात तो ईथरचा स्प्रेही नको. ग्लो प्लग तापलेले असताना तो भलत्या वेळी पेटतो आणि पिस्टन फुटलेले मी पाहिले आहेत.

———

नमस्कार,

मी इंधन तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. वरचं निदान अगदी बरोबर आहे. "हिवाळी डिझेल उणे अमुकपर्यंत चालतं" हा आकडा लोक ज्या भरवशाने घेतात त्याबद्दल मला लिहायचं आहे.

डिझेलच्या थंडीचे आकडे तीन. मेणाचे पहिले कण दिसू लागतात तो क्लाउड पॉइंट. ज्या तापमानाखाली डिझेल ठरावीक जाळीतून ठरावीक वेळेत जात नाही ते सीएफपीपी (कोल्ड फिल्टर प्लगिंग पॉइंट). आणि ज्याच्या खाली ते वाहायचंच थांबतं तो पोअर पॉइंट. पहिला सगळ्यांत वरचा, शेवटचा सगळ्यांत खालचा. कोणता आकडा सांगितला जातोय हे न विचारता तुलना केली की घोटाळा होतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, त्याचा उणे ३३ हा आकडा पोअर पॉइंटचा आहे. युरोपच्या ईएन ५९० मानकात अतिथंड प्रदेशांसाठीचा वर्ग २ उणे ३२ चा, तो आकडा सीएफपीपीचा. त्याच वर्गाचा क्लाउड पॉइंट उणे २२ आहे. म्हणजे उणे २७ ला त्या डिझेलमध्येही मेणाचे कण असतातच, फक्त ते बारीक असतात.

बारीक असतात ते ॲडिटिव्हमुळे, म्हणजे डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळायच्या रसायनामुळे. ॲडिटिव्ह मेण नाहीसं करत नाही, क्लाउड पॉइंटही फारसा हलवत नाही. ते स्फटिकांचा आकार बदलतं. मोठ्या चपट्या पापुद्र्यांऐवजी बारीक कण तयार होतात आणि त्यांच्या फटींतून डिझेल निघून जातं. म्हणूनच ते मेण धरायच्या आधी घालावं लागतं. गोठलेल्या टाकीत नंतर ओतलेली बाटली तळाशी जाऊन बसते. जमलेलं मेण विरघळवणारं द्रावण वेगळं मिळतं, बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच घ्या.

सीएफपीपीच्या चाचणीतली जाळी ४५ मायक्रॉनची असते. २० मिलिलिटर डिझेल ६० सेकंदांत वर ओढलं गेलं की ते पास. तुमच्या गाडीचा फिल्टर जेमतेम काही मायक्रॉनचा. त्यामुळे पंपावरच्या आकड्याच्या अगदी काठावर राहू नका, पाचेक अंश हाताशी ठेवा. बायोडिझेलचं प्रमाणही बघून घ्या. सोयाबीनपासून केलेलं शुद्ध बायोडिझेल शून्याच्या आसपासच ढगाळतं, पामचं तर त्याच्याही बरंच आधी. २० टक्के मिश्रण या थंडीत मी माझ्या गाडीत भरणार नाही.

आणि विंड चिलमुळे, म्हणजे वाऱ्याने अंगाला जास्त वाटणाऱ्या थंडीमुळे, डिझेल हवेच्या तापमानाच्या खाली जात नाही. वाऱ्याने ते लवकर गार होतं, एवढंच.

———

मंडळी, मी जुना ट्रकवाला. आम्ही थंडीत सरळ केरोसीन मिसळायचो, इंजिनाला कधी काही झालं नाही. एवढा बाऊ कशाला?

———

काका, तुमचा अनुभव खरा आहे, त्या इंजिनांसाठी. जुन्या इनलाइन पंपाला वंगण इंजिन ऑइलचं मिळायचं, दाबही कमी. आताच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या रचनेत, दाब २००० बारच्या आसपास जातो आणि पंपाला वंगण म्हणून फक्त डिझेलच मिळतं. केरोसीन कोरडं असतं, त्याने पंप झिजतो आणि त्याचा कीस थेट इंजेक्टरमध्ये जातो. अतिथंड भागात पंपावर मिळणारं हलकं डिझेलही जवळपास केरोसीनच्याच जातीचं असतं, पण त्यात वंगणाचं ॲडिटिव्ह घालून दिलेलं असतं. शिवाय अनेक देशांत केरोसीनवर रस्त्याचा कर भरलेला नसतो, टाकीत सापडलं तर दंड होतो.

पेट्रोलची गोष्ट याहून वाईट. डिझेल ५५ अंशांच्या आसपास तापल्याशिवाय पेट घेईल इतकी वाफ देत नाही, पेट्रोल उणे ४० लाही देतं. थोडं पेट्रोल मिसळलं तरी टाकीतली वाफ पेटण्याजोगी होते. घरात मूल आहे म्हणालात, म्हणून पुन्हा सांगतो.

———

माझा एक जोडप्रश्न. माझ्या गाडीत ॲडब्लूचा दिवा लागतोय, तेही गोठतं का? आणि ब्लॉक हीटर लावला की डिझेलचा प्रश्न सुटतो ना?

———

ताई, ॲडब्लू उणे ११ लाच गोठतं. ते धूर स्वच्छ करण्यासाठी वापरायचं ३२.५ टक्के युरियाचं पाणी आहे. गोठताना फुगतं, म्हणून त्याची टाकी काठोकाठ भरू नका. त्या टाकीला स्वतःचा हीटर असतो आणि गाडी ते गोठलेलं असतानाही सुरू होते, चालता चालता ते वितळतं. त्यात कोणतंही ॲडिटिव्ह मात्र घालू नका, पुढची सगळी यंत्रणा निकामी होते. गाडी गरम झाल्यावरही दिवा गेला नाही तर दाखवून घ्या.

ब्लॉक हीटर इंजिनाचं कूलंट गरम करतो. त्याने इंजिन पटकन सुरू होतं, पण मागची टाकी आणि लाइन बाहेरच्या थंडीतच राहतात. उलट सोपी सुरुवात मिळते आणि गाडी अशीच भररस्त्यात मरते. फिल्टरला वेगळा हीटर बसवता येतो, सतत अशी थंडी असेल तर तो बसवाच.

आणखी एक खूण. उणे ५ सातलाच, हिवाळी डिझेल असतानाही गाडी अशी मेली तर ते मेण नसतं, फिल्टरमधल्या पाण्याचा बर्फ असतो. टाकी भरलेली ठेवली की आत दमट हवा कमी राहते आणि पाणीही कमी धरतं.

———

मंडळी, गाडी सुरू झाली. रात्रभर गॅरेजमध्ये ठेवली, फिल्टर बदलला. सेपरेटरमधून पाणीही निघालं. जुना फिल्टर कापून पाहिला, घड्यांमध्ये तसाच पिवळट लेप होता. वर्कशॉपवाल्या दादांचे आणि प्रयोगशाळेतल्या ताईंचे मनापासून आभार. पण टाकीत अजून तेच उबदार भागातलं डिझेल आहे आणि परवा पुन्हा उणे ३० सांगितलंय. आता काय करू?

———

आज गाडी उबेत आहे, तेव्हा आजच करा. ॲडिटिव्ह आधी टाकीत घाला, मात्रा बाटलीवर असते तेवढीच, जास्त घातल्याने जास्त काम होत नाही. गाडी थोडी फिरवून टाकी जमेल तेवढी खाली करा आणि मग इथल्याच पंपावर हलकं हिवाळी डिझेल काठोकाठ भरा. त्यानंतर निदान अर्धा तास चालवा, म्हणजे फिल्टर आणि लाइनमध्येही नवं डिझेल पोचेल. नुसतं भरून गाडी उभी केलीत तर फिल्टरमध्ये जुनंच राहतं. एक जादा फिल्टर आणि तो उघडायचा पाना गाडीत ठेवा. परवा सकाळी सुरू झाली की लगेच हमरस्त्याला लागू नका, गावातल्या गावात हळू चालवून बघा. ओढ कमी वाटली तर तिथूनच मागे फिरा.