कॉलेजच्या मुलांना युक्तिवाद आणि अकॅडमिक लेखन कसं शिकवावं? सल्ला हवा

खडूची_भुकटी:
मंडळी, मागच्या सत्रात पहिल्या वर्षाचा ‘अकॅडमिक रायटिंग’चा पेपर माझ्या गळ्यात पडला, या सत्रातही तो माझ्याकडेच आहे. बारा आठवडे, आठवड्याला दोन तास, वर्गात साठ जण. माझा मूळ विषय समाजशास्त्र. लिहायला कसं शिकवायचं, हे मला कधी कुणी शिकवलेलं नाही.

मागच्या वेळी ॲरिस्टॉटलचे ईथॉस, पॅथॉस, लोगॉस (बोलणाऱ्याची विश्वासार्हता, भावना, तर्क) घेतले. मुलांना आवडले. पण आता कुठलाही उतारा हातात दिला की लेबलं चिकटवत सुटतात: “इथे लेखकाने पॅथॉस वापरला आहे.” बरं, मग? पुढे काही नाही. स्वतः लिहायला बसली की सुरुवात ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ आणि शेवट ‘अनन्यसाधारण महत्त्व आहे’. मधे इकडून तिकडून उचललेलं.

सराव काय घेऊ, तपासू कसं, मी स्वतः काय वाचू? काहीही सुचवा.

पूर्वपक्षी:
‘अनन्यसाधारण’ वाचून शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे आला :) मुलांना काय बोल लावणार? दहा वर्षं कुणालाच न खटकणारं लिहून त्यांनी गुण मिळवलेत.

पहिले तीन-चार आठवडे निबंध लिहायला सांगूच नका. फक्त पूर्वपक्ष लिहून घ्या. आपल्या शास्त्रग्रंथांची ही जुनी रीत आहे: आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग त्याला उत्तर, मग सिद्धान्त. मी जोड्या लावतो. एकाने दुसऱ्याचं मत लिहायचं आणि “हो, मला हेच म्हणायचं होतं” अशी त्याची सही मिळाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. एका मुलीने जोडीदाराचा कागद पाच वेळा परत केला होता. सहाव्यांदा सही झाली, तोवर लिहिणारा निम्मा तिच्या बाजूला सरकला होता.

न्यायदर्शनातला वाद, जल्प, वितंडा हा भेदही सांगा. खरं काय ते कळावं म्हणून करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडायची ती वितंडा. हीसुद्धा लेबलंच, मान्य. पण ती दुसऱ्याच्या उताऱ्यावर नाही, आपल्याच कालच्या भांडणावर चिकटवावी लागतात.

धूर_तिथे_अग्नी:
पूर्वपक्षी +१. मी सुचवेन टूलमिन. या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यात दावा आणि आधार यांच्यामध्ये एक न बोललेलं वाक्य असतं. त्याला तो ‘वॉरंट’ म्हणतो. मुलांचे निबंध नेमके तिथेच फसतात.

वर्गातलं उदाहरण देतो. एकाने लिहिलं, “मोबाईलमुळे लक्ष विचलित होतं, म्हणून वर्गात मोबाईलबंदी हवी.” मी फळ्यावर मधलं वाक्य लिहिलं: “लक्ष विचलित करणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर वर्गात बंदी हवी.” मागच्या बाकावरून आवाज आला, “मग खिडक्यापण बुजवा.” पुढचा अर्धा तास मला बोलावंच लागलं नाही. कुणी म्हणालं, “जिचा वर्गात दुसरा काही उपयोग नाही अशी गोष्ट.” लगेच दुसरी म्हणाली, “मी शब्दाचा अर्थ मोबाईलवरच बघते.” तास संपेपर्यंत दाव्यात ‘शिक्षकांनी सांगितलेलं काम सोडून’ एवढं आपोआप शिरलं होतं. संज्ञा मी नंतर सांगितल्या.

हेच न्यायदर्शनातल्या पर्वतावरच्या धुरावरून सांगितलं तर लवकर कळतं. ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा (म्हणजे दावा), ‘कारण धूर दिसतो’ हा हेतू (म्हणजे आधार), आणि ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती. वॉरंट म्हणजे तंतोतंत व्याप्ती नव्हे, पण वर्गात चालून जातं. आणि व्याप्ती उलटी करून दाखवाच. जिथे अग्नी तिथे धूर? तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. निम्मे निबंध या उलट्या व्याप्तीवर उभे असतात.

अर्धविराम:
थोडंसंच. चौथ्या शतकातल्या ॲफ्थोनियसने ग्रीक विद्यार्थ्यांसाठी चढत्या क्रमाने चौदा सराव लावून दिले होते. पहिला नीतिकथेचा, शेवटचा कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याचा. त्यातले खंडन आणि मंडन हे दोन उचला. एकाच गोष्टीवर दोन्ही, एकाच आठवड्यात.

लाल_शाई:
सिद्धान्त पुरे झाला, आता वह्यांकडे या. मी दोन वर्षं प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिला. मुलं शेवटचं पान उलटून गुण बघायची आणि वही बॅगेत टाकायची. आता पहिल्या खर्ड्याला गुणच देत नाही. दोनच शेरे लिहिते आणि दोन्ही प्रश्न असतात. गुण दुसऱ्या खर्ड्याला.

पहिल्या खर्ड्यावर मुलांनी उलटा आराखडा करायचा: प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एकच वाक्य, ‘हा परिच्छेद काय म्हणतो’. मग फक्त समास वाचायचा. दोन ओळी सारख्या आल्या तर एक परिच्छेद जातो. ओळ सुचलीच नाही तर तो परिच्छेद बहुतेक उचललेला असतो, माणसाकडून किंवा यंत्राकडून. चोर पकडत फिरावं लागत नाही.

तुम्हाला वाचायला ‘द क्राफ्ट ऑफ रिसर्च’ घ्या (पहिली आवृत्ती १९९५). विषयावरून प्रश्नावर आणि प्रश्नावरून ‘वाचकाला त्याचं काय?’ इथवर कसं यायचं, ते त्यात नीट उलगडलंय. मुलांना मात्र अख्खं देऊ नका.

खडूची_भुकटी:
सगळ्यांचे आभार! खिडक्या बुजवणारा विद्यार्थी मला हवाय. सोमवारी सहीच्या प्रयोगाने सुरुवात करते. एकच शंका: मैत्रीखातर सही ठोकून मोकळे झाले तर?

पूर्वपक्षी:
होतात की. म्हणून जोड्या मी लावतो, चिठ्ठ्या टाकून. आणि वर्गापुढे तो पूर्वपक्ष लिहिणारा वाचत नाही, सही करणारा वाचतो. स्वतःचं मत म्हणून. पहिल्या दिवशी दोघांनी वाचता वाचता मधेच सही मागे घेतली.