नाशिकच्या एनआयसीयूंमध्ये पहिल्याच डोसला मेरोपेनेम: थांबवायचं की नाही?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) बाळ दूध नीट ओढत नाही, थोडं थंड पडलंय, सीआरपी (रक्तातली सूज-संसर्ग दाखवणारी चाचणी) वाढलाय, की लाव मेरोपेनेम, म्हणजे राखून ठेवायचं मोठं अँटिबायोटिक. ही सवय मोडायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. शॉकमधलं बाळ (रक्ताभिसरण कोलमडलेलं) आणि मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाचा) दाट संशय हे दोन अपवाद. बाकीच्यांना आपापल्या युनिटचे कल्चर रिपोर्ट (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाहून ठरवलेलं साधं औषध द्यावं. अनेक ठिकाणी ते पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि अमिकॅसिन असेल, काही ठिकाणी अजूनही ॲम्पिसिलिन-जेंटामायसिन चालेल.

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतला डेनिस अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. १३,५३० नवजात बाळं होती. कल्चरमध्ये सगळ्यात जास्त ॲसिनेटोबॅक्टर (२२ टक्के), मग क्लेब्सिएला (१७), मग ई. कोलाय (१४). यातल्या ॲसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के आणि क्लेब्सिएलापैकी ५४ टक्के बहुऔषध-प्रतिरोधक निघाले. ती परिस्थिती एका दिवसात आली नाही. आधी सेफोटॅक्झिम सर्रास वापरून ईएसबीएलवाले (तसली औषधं निकामी करणारे) जंतू पोसले, त्यांच्यावर उपाय म्हणून कार्बापेनेम (मेरोपेनेमचा गट) आणलं, आता त्याला दाद न देणाऱ्यांवर कोलिस्टिन. पुढची पायरी कुठली ते कोणी सांगावं.

आणि सीआरपीवर एवढा भरवसा ठेवू नका. अवघड प्रसूती, मेकोनियम, जन्मतः गुदमरणं, कशानेही तो चढतो. २४ तासांच्या अंतराने दोनदा नॉर्मल आला तर औषध थांबवायला त्याचा उपयोग मोठा. सुरू करायला फार कमी.

सावळघाट

डॉक्टर, मोठ्या युनिटमध्ये बसून हे बोलणं सोपं आहे. पेठ-सुरगाण्याकडून घाट ओलांडून येणारं १.४ किलोचं बाळ आपल्या दारात येतं तेव्हा तो त्याचा पहिला दिवस नसतो. तीन दिवस सेफोटॅक्झिम-अमिकॅसिन होऊन गेलेलं असतं, चिठ्ठीवर फक्त ‘अँटिबायोटिक्स दिले’ एवढंच, आणि कल्चर शून्य. अशा बाळाला मी पुन्हा त्याच पायरीवरून चढवू? ग्रॅम-निगेटिव्ह सेप्सिसमध्ये (क्लेब्सिएलासारख्या जंतूंच्या अंगभर भिनलेल्या संसर्गात) ते सकाळी सुस्त असतं आणि संध्याकाळी व्हेंटिलेटरवर.

लहान मुलांच्या सेप्सिसची २०२० ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका शॉकमध्ये एका तासात आणि शॉक नसेल तर तीन तासांत औषध सुरू करा म्हणते. त्या तीन तासांत मला दिलं जाणारं औषध बरोबर असायला हवं. ‘नंतर वाढवू’ हा पर्याय १.४ किलोला दरवेळी मिळत नाही. आधी मोठं औषध, मग कल्चर पाहून उतरवा. यात चूक काय?

गंगापूररोडकर

उतरवता का, एवढंच सांगा. कल्चर निगेटिव्ह आलं तरी ‘बाळ सुधारतंय, आता कशाला हात लावा’ म्हणून सात ते दहा दिवस तेच चालू राहतं. कल्चरच्या ऑटोमेटेड यंत्रात खरे जंतू बहुतेक ३६ तासांच्या आत सापडतात. ४८ तासांनी बाळ ठीक आणि कल्चर निगेटिव्ह असेल तर औषध बंद. कमी नाही, बंद. ही शिस्त पाळणाऱ्याने मेरोपेनेमने सुरुवात केली तर माझी तक्रार निम्मी होईल.

प्लेटवाली

मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावरून चार गोष्टी. दोघांनाही आवडणार नाहीत.

‘कल्चर निगेटिव्ह’ यावर एवढा वाद घालताय, पण बाटलीत रक्त किती येतं? नवजात बाळाचं किमान १ मिली हवं, मोठ्या मुलाचं वजनाप्रमाणे जास्त. ०.३ मिली पाठवलं तर रक्तात थोडेसेच असलेले जंतू त्या थेंबांत येतीलच असं नाही. तसला निगेटिव्ह रिपोर्ट पाहून औषध बंद करणं धोक्याचं आणि चालू ठेवणंही निराधार. रक्त नवीन टोचून घ्या, कालच्या कॅन्युलातून (शिरेत ठेवलेल्या नळीतून) नको. त्वचेवर स्पिरिट, मग पोव्हिडोन-आयोडीन, मिनिटभर वाळू द्या, पुन्हा स्पिरिट. बाटलीचं झाकण उघडलं म्हणजे खालचं रबर निर्जंतुक असतं असं नाही, तेही पुसा. हे झालं नाही की स्टॅफ एपिडर्मिडिस हा त्वचेवरचा जंतू उगवतो आणि बाळाला विनाकारण व्हँकोमायसिन लागतं.

दुसरं, कोलिस्टिनची सेन्सिटिव्हिटी (जंतूवर औषध चालतं का ते) आगारच्या जेलवर औषधाची डिस्क ठेवून वाचणारी लॅब असेल तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा. ते रेणू आगारमध्ये नीट पसरतच नाहीत. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे द्रवात औषधाचं प्रमाण बदलत तपासणं, लागतं. लॅबच्या तपासणीचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेने २०२० पासून कोलिस्टिनसाठी ‘ससेप्टिबल’ हा वर्गच काढून टाकलाय. शिवाय प्रोटियस आणि सेरेशिया मुळातच त्याला जुमानत नाहीत.

तिसरं, नुसतं ‘कार्बापेनेम रेझिस्टंट’ पुरत नाही. जंतू ज्याने औषध फोडतो ते एन्झाइम कुठलं ते विचारा. ओएक्सए-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम चालतं, एनडीएम असेल तर एकटं चालत नाही, सोबत ॲझट्रिओनाम लागतं. आपल्या देशात एनडीएम भरपूर आहे, तेव्हा महागडी व्हायल आधी आणि चौकशी नंतर असा क्रम नको.

चौथं, धागाकर्त्यांचे ‘आपापल्या युनिटचे रिपोर्ट’. अँटिबायोग्राम (कुठल्या जंतूवर कुठलं औषध किती चालतं त्याचा तक्ता) काढायला एका जंतूचे किमान ३० नमुने लागतात, एका रुग्णाचा पहिलाच धरायचा. दहा खाटांच्या युनिटला एका वर्षात ३० क्लेब्सिएला मिळाले तर अँटिबायोग्राम राहू द्या, आधी साथ शोधा! लहान युनिटांनी दोन वर्षांचे एकत्र करावेत, नाहीतर चार-पाच जणांनी मिळून एक काढावा. मात्र लॅबची पद्धत एकसारखी हवी.

देवळ्याचा_बागाईतदार

सगळं खापर डॉक्टरांवर कशाला? डाळिंबाच्या तेल्या रोगावर आमच्याकडे वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं जातंय, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. पोल्ट्रीत कोलिस्टिन होतंच. तिकडे कोणी बघतं का?

प्लेटवाली

बघायलाच हवं. जनावरांच्या खाद्यातलं आणि उपचारातलं कोलिस्टिन २०१९ च्या जुलैत बंद झालं ते उगीच नाही. पण दादा, एनआयसीयूत बाळाला मारणारा क्लेब्सिएला बहुधा बागेतून आलेला नसतो. शेजारच्या वॉर्मरवरून (बाळाला ऊब देणाऱ्या खाटेवरून) आलेला असतो.

द्वारका_सिस्टर

मॅडम, वॉर्मरवरून वॉर्मरवर तो उडत जात नाही. आमच्या हातांनी जातो. तुम्ही सगळे औषधावर भांडताय आणि १०० मिली सलाइनच्या बाटलीत सुई टोचून ठेवलीय, दिवसभर त्याच बाटलीतून सगळ्यांच्या लाइन (शिरेतल्या नळ्या) फ्लश होताहेत. त्या बाटलीत एकदा क्लेब्सिएला शिरला की मेरोपेनेम काय आणि पिपटॅझ (पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम) काय. १० मिलीचे ॲम्प्यूल घ्या, एका बाळाला एक, उरलेलं फेका. डेक्स्ट्रोजचंही तेच.

ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमध्ये निर्जंतुक पाणीच हवं, रोज पूर्ण रिकामं करून. वरून भर घालायची नाही. स्टेथो, टेप, थर्मामीटर प्रत्येक वॉर्मरचा वेगळा. लाइनचा हब (सिरिंज जोडायचं तोंड) स्पिरिटने १५ सेकंद घासायचा आणि वाळू द्यायचा, ओल्यावर सिरिंज लावली तर घासून उपयोग नाही.

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेचा किमान मापदंड १००० रुग्णदिवसांना २० लिटर हँडरब. दहा खाटा भरलेल्या असतील तर १००० रुग्णदिवस १०० दिवसांत होतात. म्हणजे दिवसाला २०० मिली, बाळामागे २० मिली. एका वेळी ३ मिली धरले तर दिवसभरात जेमतेम सात वेळा हात. एका आजारी बाळाला आम्ही याच्या कितीतरी पट जास्त वेळा हात लावतो, आणि हा किमान आकडा! ५०० मिलीची बाटली अडीच दिवसांत संपायला हवी. तुमच्या युनिटच्या स्टोअरमध्ये खपाची नोंद पाहा, कुठल्याही ऑडिटपेक्षा खरं कळेल. आणि रात्री एका सिस्टरकडे आठ बाळं दिलीत तर कुठलाही पोस्टर तिचे हात धुऊन देणार नाही.

मेनरोडचा_केमिस्ट

सिस्टरांना शंभर टक्के. व्हायलबद्दल एक. १.५ किलोच्या बाळाला २० मिग्रॅ प्रतिकिलोने एका वेळी ३० मिग्रॅ मेरोपेनेम लागतं. ५०० ची व्हायल फोडून उरलेली फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या डोसला वापरणं हा काटकसरीचा प्रकार बंद करा. विरघळवल्यावर ते फार टिकत नाही, डेक्स्ट्रोजमध्ये तर आणखी कमी. १२५ ची व्हायल मिळते, ती मागवा. एच-१ च्या (डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीच्या) रजिस्टरवर मात्र फार आशा ठेवू नका. १ मार्च २०१४ पासून नोंद तीन वर्षं ठेवायची सक्ती आहे, पण त्याने कोण काय घेऊन गेलं ते कळतं, का घेऊन गेलं ते नाही.

सावळघाट

सिस्टर, फ्लशच्या बाटलीबद्दल वादच नाही. स्टाफच्या आकड्याबद्दल मालक मंडळींशी भांडायला मी तुमच्या बाजूने उभा आहे.

पण मूळ मुद्द्यावर मी तिथेच आहे. बाहेरून आलेल्या आणि आधीच औषध झालेल्या बाळाला मी मेरोपेनेमने सुरू करणार. ४८ तासांची अट मान्य, १ मिलीही मान्य. त्यासाठी रेफर करणाऱ्याने पहिला डोस देण्याआधीच बाटलीत रक्त घेऊन ती बाळासोबत पाठवली तर आमचा अर्धा अंधार जाईल. चिठ्ठीवर औषधाचं नाव, डोस आणि पहिल्या डोसची वेळ एवढं तरी हवं.

प्लेटवाली

पाठवा, पण बाटली फ्रिजमध्ये ठेवून नाही. थंडीत नाजूक जंतू मरतात. खोलीच्या तापमानाला, कपड्यात गुंडाळून, मे महिन्यात १०८ च्या डॅशबोर्डवरही नको. आणि शनिवारी संध्याकाळी घेतलेली बाटली सोमवारी सकाळी यंत्रात गेली तर तुमचे ४८ तास यंत्राच्या हिशेबाने सुरूच झालेले नसतात.

गंगापूररोडकर

मग रविवारी बाटल्या घेणारी लॅब आधी ठरवू. सावळघाट, तुमच्या बाहेरून आलेल्या बाळांपुरतं मी गप्प बसतो. आपल्याच लेबर रूममध्ये जन्मलेल्या, आधी काहीच औषध न झालेल्या बाळालाही मेरोपेनेमच का, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.